भाज्य, भाजक, भागाकार, बाकी: तिसरीच्या वर्गातला माझा अनुभव

तासगाव तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका छोट्या शाळेत मी तिसरीचा वर्ग शिकवते. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार बऱ्यापैकी जमणारी मुले भागाकारापाशी आली की अडखळतात, आणि पाढे चोख पाठ असणारीही त्याला अपवाद नसतात. माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे: उदाहरणातील चार संख्यांपैकी कोणती संख्या काय सांगते, हे त्यांना उमगलेले नसते. चारही नावे ती चटकन पाठ करतात, पण २० ÷ ५ मधला भाज्य कसा ओळखला असे विचारले की ‘मोठी संख्या म्हणजे भाज्य’ असे उत्तर मिळते. येथे ते निभावून जाते. ३ ÷ ५ मध्ये मात्र भाज्य ३ हाच असतो, भागाकार ० येतो आणि बाकी ३ उरते.

म्हणून यंदा नावे फळ्यावर लिहिण्याआधी मी चिंचोक्यांची वाटणी करून घेतली. २३ चिंचोके चौघांत वाटायचे होते. प्रत्येकाला एकेक देत मुले फेऱ्या घेत गेली. प्रत्येक फेरीत ४ चिंचोके संपत होते, पाच फेऱ्यांत २० संपले आणि ३ उरले. वाटणाऱ्या मुलाने तेही तिघांच्या हातावर ठेवले, तेव्हा चौथी मुलगी उसळून म्हणाली, “बाई, मग मलाच कमी का?” उरलेले चिंचोके पुन्हा ढिगाजवळ ठेवायला लावून मी विचारले, की चार उरले असते तर काय केले असते? आणखी एक फेरी झाली असती, हे सगळ्यांनी एका सुरात सांगितले. बाकी ही नेहमी भाजकापेक्षा लहान असते, हा नियम मला वेगळा सांगावा लागला नाही. मगच मी नावे दिली: ढीग तो भाज्य, वाटून घेणारे किती ते भाजक, एकाच्या वाट्याला आले ते भागाकार आणि वाटता न आलेले ते बाकी.

परंतु भागाकार म्हणजे केवळ वाटणी, असे मुलांच्या मनात पक्के होऊ देणेही बरे नव्हे. आमच्याकडे द्राक्षे चार किलोच्या पेटीत भरतात, हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. ५० किलो द्राक्षांच्या किती पेट्या होतील, असा प्रश्न घेतला. येथे भाजक ४ असला तरी तो माणसांची संख्या सांगत नाही, तर एका गटात किती मावतात ते सांगतो. उत्तर १२ आणि बाकी २ सर्वांनी काढली, पण बाकी कशाची असे विचारताच बहुतेकांनी ‘दोन पेट्या’ म्हटले. घरची बाग असलेली एक मुलगी लगेच म्हणाली, “पेट्या न्हाईत बाई, दोन किलो उरलं की!” बाकी ही भाज्यातूनच उरलेली असल्यामुळे तिचे एकक भाज्याचेच असते, ही गोष्ट मला या सगळ्या प्रकरणातील सर्वांत मोलाची वाटते. शाब्दिक उदाहरणांत चुकणारी बरीच मुले नेमकी येथेच चुकतात.

उभ्या मांडणीला फार वेळ लागला नाही. वर्गात आम्ही भागाकार भाज्याच्या डोक्यावर लिहितो, तर काही मुलांचे आजोबा तो उजवीकडे कंसाबाहेर लिहितात. दोन्ही चालते, हे मी स्पष्ट सांगितले, नाहीतर जागा बदलली की मुले गोंधळतात. डावीकडून सुरुवात का करायची, हे मात्र दाखवावे लागले. ७५ रुपये तिघांत वाटताना आधी दहाच्या ७ नोटा वाटल्या, तर प्रत्येकाला २ मिळून एक नोट उरते. ती मोडून आलेले १० आणि हातातले ५ असे १५ रुपये पुन्हा तिघांत वाटता येतात. आधी सुटे वाटले असते, तर नोट मोडल्यावर सुट्यांची वाटणी दुसऱ्यांदा करावी लागली असती.

८२ ÷ ४ मध्ये निम्म्या वर्गाने भागाकार २ आणि बाकी २ लिहिली. दशकाच्या जागी २ आल्यावर एककाच्या २ ला ४ ने भाग जात नाही, तेव्हा तेथे शून्य लिहायचे असते, ते राहून गेले होते. मी चूक न सांगता ताळा करायला लावला: भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी बरोबर भाज्य. ४ × २ + २ म्हणजे १० आले, ८२ नव्हे. शून्य लिहून भागाकार २० केल्यावर ८० आणि २ मिळून ८२ जुळले.

यानंतर मी प्रश्न उलटा केला. भाजक ६, भागाकार ७, बाकी ४, तर भाज्य किती? ४६ काढून झाल्यावर मुले एकमेकांना अशी कोडी घालू लागली. एकाने भाजक ५, भागाकार ८, बाकी ७ असे दिले. बेरीज ४७ बरोबर येत होती, तरीही मागच्या रांगेतून हरकत आली, की ७ मधून पाचाची आणखी एक फेरी होते, म्हणून भागाकार ९ आणि बाकी २ हवी. कोडे घालणाऱ्याने पाटीवर वाटणी करून पाहिली आणि आपले कोडे दुरुस्त केले.