निखाऱ्यांवरची तंगडी
कोळसा पेटला की लगेच जाळीवर मांस टाकण्याची घाई मी अनेक वर्षे केली आणि वरून करपलेली, हाडाशी मात्र कच्ची राहिलेली तंगडी पाहुण्यांच्या पानात वाढली, याची खंत आजही वाटते. आता परसातल्या शेगडीत निखाऱ्यांवर पांढुरकी राख धरेपर्यंत मी थांबतो आणि मग ते सगळे एका बाजूला ओढून दुसरी बाजू मोकळी ठेवतो. मोकळ्या बाजूला, झाकणाखाली, तंगडी आतपर्यंत सावकाश शिजते. हाडाला न टेकवता खुपसलेला थर्मामीटर ७४ अंश सेल्सिअस दाखवू लागला की ती क्षणभर निखाऱ्यांवर धरावी, म्हणजे दह्यातल्या मसाल्याला खरपूस डाग पडतात. ठिबकत्या चरबीने ज्वाळा उठल्यास पाणी न शिंपडता तुकडा बाजूला सरकवावा.