व्हिएतनामला निघण्याआधी तिथी बघा

हनोईत उतरलो त्या दिवशी पौर्णिमा होती, हे हॉटेलातल्या कॅलेंडरवरून कळलं. रोज एक पान फाडायचं जाडजूड कॅलेंडर. वर ठळक तारीख, खाली बारीक अक्षरांत चांद्र तिथी. आपल्या कालनिर्णयाचं चुलत भावंडच. बाहेर जुन्या शहराच्या गल्ल्यांत उदबत्त्यांचा घमघमाट आणि फुटपाथवर पत्र्याच्या डब्यांत जळणाऱ्या खोट्या नोटा. वरती गेलेल्या वाडवडिलांना खर्चाला पाठवलेले पैसे! मोबाइलच्या दुकानातही जमिनीलगत धनाच्या देवाचा देव्हारा, पुढे फळं आणि पाण्याचे पेले.

चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथे बरेच लोक शाकाहारी जेवतात. आम्ही दोघंही शाकाहारी, त्यामुळे पहिलाच दिवस लॉटरी लागल्यासारखा गेला. पाठ करायचा शब्द एकच: ‘आन चाय’, म्हणजे शाकाहारी जेवण. (नवऱ्याला वाटलं, चहा मिळणार.) पाटीवर ‘कॉम चाय’ दिसलं की बिनधास्त शिरायचं. बाकी ठिकाणी ‘भाज्यांचा फो’ (फो म्हणजे तांदळाच्या शेवयांचं सूप) म्हणून जे समोर येतं त्याचं पाणी बहुधा हाडांचंच असतं, आणि माशांचा रस, म्हणजे ‘नुक माम’, पालेभाजीतसुद्धा घालतात. तेव्हा आधी विचारा, मग बसा. दुपारी साडेअकरालाच जेवून घ्या. एकनंतर सगळं कसं पेंगुळतं.

आल्या आल्या काउंटरवरच्या मुलीनं माझं वय विचारलं. मी जरा चपापलेच. नंतर उलगडा झाला: वय कळल्याशिवाय तिला मला हाकच मारता येत नव्हती. त्यांच्या भाषेत रोजच्या बोलण्यात ‘मी-तू’च्या जागी नातीच येतात. थोडा मोठा पुरुष ‘आन्ह’, म्हणजे दादा. मोठी बाई ‘ची’, म्हणजे ताई. धाकटं कुणी ‘एम’. वडिलांचा धाकटा भाऊ ‘चू’, थोरला ‘बाक’. मी बावन्न वर्षांची, म्हणून झाले ‘को’, म्हणजे आत्या. आपण रिक्षावाल्याला काका म्हणतोच, पण इथे त्याला पर्यायच नाही! एवढे चार-पाच शब्द शिकून जा, भाव करताना फरक जाणवतो.

निन्ह बिन्हला एका घरात उतरलो होतो. रात्री जेवायला बसल्यावर सहा-सात वर्षांच्या नातीनं आधी आजोबांना, मग आजीला, मग आई-वडिलांना, एकेकाला हाक मारून ‘जेवा’ म्हटलं, मग आम्हालाही, आणि त्यानंतरच स्वतःचा वाडगा उचलला. आम्ही तोवर दोन घास खाऊन बसलेलो. तिथल्या जेवणात आणखी एक सांभाळा: काड्या भातात उभ्या खोचू नका. मेलेल्यापुढच्या भातात उदबत्ती लावतात तसं ते दिसतं.

आमची खरी चूक होई आनची. चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री तिथल्या जुन्या गावात विजेचे दिवे मालवून नुसते कंदील लावतात. आम्ही पोचलो तेव्हा चंद्र चांगलाच झिजला होता! कंदील रोजच असतात, नदीत दिवे सोडणाऱ्या होड्याही, पण अंधार नाही. म्हणून तुम्ही उलटं करा: पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचं होई आन आधी पक्कं करा, मग तिकिटं काढा. तिथून सकाळी लवकर ‘मी सन’ या ठिकाणी जा. चंपा या जुन्या राज्याच्या राजांची विटांची शिवमंदिरं आहेत, चौथ्या शतकात भद्रवर्म्यानं तिथे भद्रेश्वराची स्थापना केली. १९६९च्या अमेरिकी बॉम्बफेकीत मोठं मंदिर पडलं, बॉम्बचे खड्डे अजून दिसतात. दहानंतर ऊन सोसवत नाही.

तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान येतं. त्या आठवड्यात सगळा देश गावी जातो, दुकानं बंद, रेल्वे भरलेली. पहिल्याच फेरीला टाळलेलं बरं.

आणि नोटा. वीस हजार डोंगची निळी, पाच लाखांचीही निळीच. होई आनच्या बाजारात केळी घेऊन मी वीस हजार दिले आणि चालू लागले. मागून ‘को ओय! को ओय!’ अशी हाक. दुसऱ्या हाकेला उमगलं, आत्या म्हणजे मीच. टोपीवाली म्हातारी पळत आली आणि दोन्ही हातांनी माझी पाच लाखांची नोट पुढे केली.