ट्रेलर घेताना पाणी टाकीवरून चालवून बघा : युटाच्या सहा दिवसांचा अनुभव

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं डेन्व्हरहून युटाला जाऊन आलो, मी, नवरा आणि ११ आणि ७ वर्षांची दोन पोरं. सेकंडहँड घेतलेल्या १७ फुटी कॅम्पिंग ट्रेलरची, म्हणजे गाडीमागे ओढायच्या छोट्या घराची, ही पहिलीच ट्रिप. मार्ग नेहमीचाच, आय-७० हायवेने ग्रँड जंक्शन, मग मोअ‍ॅबजवळ डेड हॉर्स पॉइंट, गॉब्लिन व्हॅली, कॅपिटल रीफ आणि परत. कुठे काय बघायचं ते सगळीकडे लिहिलेलं मिळतं, म्हणून त्यात शिरत नाही. मला लिहायचंय ते पाण्याबद्दल, कारण सहा दिवसांतले अडीच दिवस त्यातच गेले. टाकीत २० गॅलन म्हणजे जवळजवळ ७५ लिटर पाणी आणि नळाला थेंब नाही.

आधी फसवणूक कशी झाली ते सांगते. मार्चमध्ये ट्रेलर बघायला गेलो तेव्हा विकणाऱ्याने आमच्यासमोर बागेची नळी ट्रेलरच्या बाजूच्या तोंडाला लावली, आतले सगळे नळ सोडून दाखवले, शॉवर, टॉयलेट, गरम पाणीसुद्धा. प्रेशर मस्त. सिंकखाली हात घालून बघितलं, कोरडं. आम्ही खूश होऊन पैसे दिले. घरी आणल्यावर आम्हीही तसंच नळी लावून बघितलं, सगळं व्यवस्थित.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ट्रेलरमध्ये पाणी दोन वाटांनी येतं. एक वाट म्हणजे बाहेरची नळी, तिला सिटी वॉटर म्हणतात, यात प्रेशर बाहेरच्या नळाचंच असतं, टाकी आणि पंप यांचा काही संबंधच येत नाही. दुसरी वाट म्हणजे टाकीतलं पाणी १२ व्होल्टचा पंप उचलतो आणि त्याच पाइपांत ढकलतो. हुकअप, म्हणजे जागेवरच पाणी-वीज जोडायची सोय, असलेल्या कॅम्पग्राउंडवर पहिली चालते, पण नॅशनल पार्कच्या बहुतेक कॅम्पग्राउंडवर हुकअप नसतात, तिथे फक्त दुसरी. आम्हाला पहिली वाट दाखवून दुसरीचे पैसे घेतले. आणि गंमत नाही सांगत, आमच्या ट्रेलरमध्ये तीन बिघाड निघाले आणि तिन्ही असे की नळी लावलेली असताना दिसणारच नाहीत.

टाकी ग्रँड जंक्शनला भरली, निघताना नाही, कारण २० गॅलनचं वजन ७५ किलो आणि मध्ये आयझेनहॉवर टनेलचा ११ हजार फुटांचा चढ. हे बरोबरच केलं असं अजूनही वाटतं, पण घरी निदान पाच गॅलन टाकून पंप चालवून बघायला हवा होता. डेड हॉर्स पॉइंटला पाणी टँकरने आणतात, पार्कवाले स्वतःच सांगतात की ट्रेलरची टाकी वर यायच्या आधीच भरून घ्या. तर आम्ही भरून गेलो, संध्याकाळी जागेवर ट्रेलर लावला, पंपाचं स्विच दाबलं. घर्रर्र आवाज सुरू, नळातून दोनदा फुस्स झालं आणि संपलं. पाच मिनिटं तसाच चालू ठेवला. काही नाही. पॅनेलवर टाकी फुल.

प्यायला दोन गॅलनच्या बाटल्या होत्या म्हणून निभावलं, पण चार माणसांचं हातपाय, भांडी, टॉयलेट यात त्या किती पुरणार. रात्री टाकीखालच्या ड्रेनला पातेलं लावून पाणी काढलं आणि ते टॉयलेटला वापरलं. एप्रिलमध्ये सहा हजार फुटांवर रात्री साडेनऊला जमिनीवर आडवं होऊन ड्रेनची तोटी फिरवणं म्हणजे बोटं बधिर. त्या जागेच्या नावामागे दंतकथा आहे की त्या कड्यावरच्या पठारावर कोंडलेले घोडे तहानेने मेले, आणि समोर दोन हजार फूट खाली कोलोरॅडो नदी दिसत होती. धाकटीने ती पाटी वाचली आणि रात्रभर पाण्याचंच विचारत होती. त्या रात्री मी खरंच रडकुंडीला आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिग्नल शोधून एका फिरत्या रिपेअरवाल्याला बोलावलं. येण्याचे १८५ डॉलर, ते आधीच कार्डावर घेतले. आला, स्विच दाबलं, आवाज ऐकला, दहा मिनिटांत निकाल दिला की पंप गेला, नवा पंप आणि बसवायचे मिळून ४२० डॉलर, पार्ट यायला तीन दिवस. त्याने पंपाचं झाकण तर सोडाच, तो कुठे बसवलाय तेही उघडून बघितलं नाही. तसा पंप शंभर डॉलरच्या आसपास मिळतो आणि चार स्क्रू, दोन पाइप, दोन वायर एवढंच काम असतं. मी नको म्हटलं. १८५ गेलेच. फिरत्या रिपेअरवाल्याला बोलवायचंच असेल तर फोनवरच विचारून घ्या की येण्याच्या पैशांत तपासणी किती वेळाची, आणि पंप फिरतोय पण पाणी उचलत नाही हे ऐकून जो लगेच नवा पंप म्हणेल त्याला बोलावूच नका.

संध्याकाळी सव्वाआठला गावी आमच्या आप्पांना फोन लावला, तिकडे तासगावला सकाळचे पावणेआठ, ते बागेतच होते. आप्पांनी ट्रेलर आयुष्यात बघितलेला नाही पण विहिरीवरच्या मोटरी चाळीस वर्षं सांभाळल्यात. मी म्हटलं, आप्पा, पंप गेलाय म्हणतात. ते म्हणाले, "फिरतोय का?" म्हटलं हो. "आवाज भरल्यासारखा येतोय का मोकळा?" मी फोन पंपाजवळ धरला. "मोकळा आहे बाई. मोटरीला काय झालेलं न्हाई. हवा वढतीय कुठनंतरी. टाकीपासनं मोटरीपर्यंत पाइपाला हात लावत जा."

आणि मला एकदम आठवलं, फूट व्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी पाणी धरून ठेवणारा व्हॉल्व्ह, खराब झाला की आमच्या विहिरीवरची मोटर अशीच नुसती फिरायची, लहानपणी मी स्वतः कळशीने सक्शनच्या पाइपात पाणी ओतलेलं आहे. इथेही तेच, फक्त मोटर हातात मावेल एवढी.

आमच्या ट्रेलरमध्ये पंप डायनिंगच्या बाकाखाली निघाला, गादी काढून फळी उचलावी लागते. टॉर्च मारून टाकीकडून येणारा पाइप चाचपत गेले तर पंपाच्या आधी एक छोटा तीन तोंडांचा व्हॉल्व्ह, त्याच्या एका तोंडाला हातभर पारदर्शक नळी आणि तिचं टोक मोकळं, आत वाळलेला गुलाबी डाग. हिवाळ्यात पाइप फुटू नयेत म्हणून जे गुलाबी अँटिफ्रीझ भरतात ते याच नळीने डब्यातून ओढतात. थंडीच्या आधी कोणीतरी ते भरलं आणि व्हॉल्व्ह तसाच डब्याच्या बाजूला ठेवला. म्हणजे पंप टाकीतून ओढतच नव्हता, बाकाखालची हवा ओढत होता. व्हॉल्व्ह फिरवला, पंप लावला, आवाज बदलला, जड झाला, आणि नळातून गुलाबी पाणी, मग स्वच्छ पाणी. पोरं ओरडली. आप्पा अजून फोनवर होते.

पण अर्ध्या मिनिटाने परत फुस्स. पाणी, हवा, पाणी, हवा. रात्री तसंच सोडलं आणि सकाळी पंपाच्या तोंडाशी असलेली गाळणी उघडली. पारदर्शक वाटीसारखी असते, हाताने फिरवून निघते. आत प्लास्टिकचा कीस भरलेला, टाकीला भोकं पाडताना आत पडतो आणि वर्षानुवर्षं येत राहतो. आणि वाटीचा रबरी ओ-रिंग चपटा होऊन एका ठिकाणी चिरलेला. तिथून पाणी बाहेर गळत नाही कारण ती ओढणारी बाजू आहे, तिथून हवा आत जाते, म्हणून खालची फळी पूर्ण कोरडी असते आणि माणूस तिकडे बघतच नाही. हे नीट लक्षात ठेवा, पंपाच्या आधीची गळती कोरडी असते, पंपानंतरची ओली.

नवरा मोअ‍ॅबला गेला, येऊन-जाऊन ६० मैलांच्या वर, ओ-रिंग आणि सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब घेऊन आला, दोन्ही मिळून साडेपाच डॉलर. ग्रीस लावून बसवला, वाटी हातानेच घट्ट केली, पान्याने करू नका, प्लास्टिक तडकतं. पंप लावला, वीस सेकंदांत नळ भरून पाणी, नळ बंद केला की पंप टक्क करून थांबला. असा थांबला म्हणजे प्रेशर धरलं, साधारण ४५ ते ५५ पी.एस.आय.ला (हे प्रेशरचं माप) त्याचं आतलं स्विच तोडतं. तो टक्क आवाज ऐकून मला जे वाटलं ते सांगता येणार नाही. ४२० डॉलरचं काम साडेपाचमध्ये झालं, आणि तेही तासगावातून.

त्या आनंदात निघालो, आणि गॉब्लिन व्हॅलीला रात्री दोन वाजता पंप आपोआप वाजला. सगळे नळ बंद. दहा मिनिटांनी परत. सगळ्या जोडांखाली टिश्यू पेपरचे तुकडे ठेवून बघितले, सगळे कोरडे. शेवटी स्विच बंद करून झोपलो. सकाळी सापडलं ते बाहेरून, ज्या तोंडाला विकणाऱ्याने नळी लावली होती त्याच तोंडातून थेंब थेंब गळत होतं. तिथे आत एक चेक व्हॉल्व्ह असतो, पाणी आत येऊ देतो, बाहेर जाऊ देत नाही, तो खराब झालेला. नळी लावलेली असली की अर्थातच गळत नाही. तात्पुरता उपाय म्हणून टोकाला तोटी असलेली छोटी नळी तिथे लावून तोटी बंद केली, चालून गेलं. घरी आल्यावर पितळी टोपी बसवली, चार डॉलर. तो तुकडा बदलायचाय पण टोपीवर उन्हाळा निघेल.

कॅपिटल रीफचे दोन दिवस चांगले गेले. फ्रुटा कॅम्पग्राउंडला ७१ जागा, हुकअप एकही नाही, पण ए आणि बी लूपच्या तोंडाशी टाकी भरायला पिण्याचं पाणी आणि घाण पाण्याचं डंप दोन्ही आहे. सफरचंदाला बहर होता. जा.

आता तुम्ही अशा ट्रेलरने निघणार असाल तर. विकत घेताना किंवा भाड्याने घेताना नळी लावूच देऊ नका, टाकीत पाच गॅलन ओतायला सांगा आणि पंपावर सगळे नळ चालवून बघा, मग नळ बंद करून अर्धा तास बसा, पंप एकदाही वाजता कामा नये. विकणारा म्हणाला की आज टाकी रिकामी आहे, पुढच्या वेळी दाखवतो, तर उठून या. बिघाड ओळखताना आधी कान द्या. पंपाचा आवाजच येत नसेल तर फ्यूज किंवा बॅटरी. आवाज येतो आणि पाणी नाही तर टाकी ते पंप एवढाच भाग बघा, व्हॉल्व्ह, गाळणी, ओ-रिंग, पाइपाची क्लिप, याच क्रमाने. पाणी येतं पण पंप मधूनच वाजतो तर पुढे कुठेतरी गळती, किंवा पंपातला चेक व्हॉल्व्ह पाणी परत टाकीत सोडतोय. आणि नळी लावलेली असताना टाकी आपोआप भरून बाहेर वाहायला लागली तर बहुतेक तो पंपातला चेक व्हॉल्व्हच, आधी तोच बघा.

गरम नळाला कोमट पाणी आलं तर हीटरला हात लावायच्या आधी बाहेरच्या शॉवरचे दोन्ही नळ बंद आहेत का बघा. पोरांनी पाय धुतले आणि शॉवरच्या दांड्यावरचंच बटण बंद केलं तर मागे गरम आणि थंड एकमेकांत मिसळत राहतं, फ्रुटाला आमचा अर्धा तास यात गेला. तेही ठीक असेल तर हीटरचा बायपास, म्हणजे हीटरच्या टाकीला वगळून पाणी नेणारा व्हॉल्व्ह, बघा, अँटिफ्रीझ भरताना तो फिरवलेला असतो. हीटरच्या टाकीत पाणी आलंय याची खात्री झाल्याशिवाय त्याचं विजेवरचं स्विच लावू नका, कोरडा एलिमेंट लगेच जळतो.

जवळ ठेवायचं सामान फार नाही, गाळणीच्या मापाचे दोन ओ-रिंग, सिलिकॉन ग्रीस, टेफ्लॉन टेप, फ्यूज, नळीची पितळी टोपी, डोक्याला लावायचा टॉर्च. आणि हुकअपवर राहणार असाल तर प्रेशर रेग्युलेटर, त्याच्याशिवाय नळी लावायचीच नाही, काही कॅम्पग्राउंडचं प्रेशर १०० पी.एस.आय.च्या वर जातं आणि ट्रेलरचे जोड त्यासाठी नसतात. सेकंडहँड ट्रेलरची टाकी वापरायच्या आधी ब्लीचने धुवा, १५ गॅलनला पाव कप, बिनवासाचं साधं ब्लीच, आधी बादलीत पाण्यात मिसळून मग टाकीत, प्रत्येक नळाला वास येईपर्यंत पंप चालवायचा, रात्रभर ठेवायचं, मग वास जाईपर्यंत ताज्या पाण्याने धुवत राहायचं. आम्ही हे केलं नव्हतं म्हणून सहाही दिवस प्यायला बाटल्याच वापरल्या.

एक राहिलं. ग्रीन रिव्हर गावाहून आय-७० ने पुढे सलायनाकडे जाणार असाल तर जवळजवळ ११० मैल पेट्रोल, पाणी, काहीच नाही, दोन्ही टाक्या ग्रीन रिव्हरलाच भरा आणि पंप तिथेच पार्किंगमध्ये एकदा चालवून बघा, दोन मिनिटं लागतात.