उन्हातले कष्ट, पाणी आणि मूत्रपिंडे

मे महिन्यात आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-सिंदेवाही भागात पारा ४५ अंशांच्या वर जाणे नवलाचे राहिलेले नाही, आणि तेंदूपत्त्याचा हंगामही नेमका याच दिवसांत असतो. बायामाणसे पहाटेच जंगलात शिरतात, ऊन चढेपर्यंत पाने तोडतात, दुपारी घरी पुडे बांधत बसतात आणि सायंकाळी ते फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, नेऊन देतात. या दिवसांत कुणाला गरगरते, कुणाच्या पोटऱ्यांत गोळे येतात, कुणाला उन्हाळी लागून लघवीला आग होते. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे मला असे ठामपणे वाटते, की प्यायलेले पाणी शरीरात कोणत्या वाटेने जाते आणि ते कमी पडले तर त्याची किंमत कोणता अवयव मोजतो, हे प्रत्येक कष्टकरी माणसाला ठाऊक असले पाहिजे.

पाणी जठरात फारसे शोषले जात नाही. ते काम प्रामुख्याने लहान आतड्याचे आहे. सुमारे सहा मीटर लांबीच्या या नळीत दिवसाकाठी जवळजवळ नऊ लिटर द्रव उतरतो. त्यातले आपण प्यायलेले साधारण दोनच लिटर असतात. उरलेले लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्वतःचे स्राव यांचे असते. एवढ्या नऊ लिटरांपैकी शौचावाटे बाहेर जाते ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर, बाकी सर्व रक्तात परत घेतले जाते. आतड्याच्या पेशी मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत ओढतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि पाणी यांचे मिश्रण पाजून असंख्य जीव वाचवले, ते याच तत्त्वावर. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण घरोघरी पाठ असावे. आपल्याकडे भाताची पातळ पेज मीठ घालून पितात, तीही शास्त्राला धरूनच आहे. तिच्यातल्या पिष्टाचे आतड्यात ग्लुकोज होते आणि ते मिठाला व पाण्याला सोबत घेऊन रक्तात जाते.

रक्तात आलेले पाणी हृदयाच्या हवाली होते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलते, आणि दोन्ही मूत्रपिंडांचे वजन मिळून पाव किलोच्या आसपास असूनही त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. शरीर तापले की मात्र ही वाटणी बदलते. उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, काम करणारे स्नायूही रक्त मागतात, आणि मूत्रपिंडांचा वाटा कमी होतो. शिवाय भर उन्हात राबणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो. तो घाम ज्या रक्तातून निघतो, त्यातले पाणी भरून निघाले नाही, तर आधीच घटलेला तो वाटा आणखी घटतो.

मूत्रपिंडाचे काम मला नेहमीच थक्क करते. दिवाळीच्या आधी आपण घरातले सगळे सामान अंगणात काढतो आणि त्यातले हवे तेवढेच परत आत घेतो, तशी त्याची रीत आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात, आणि दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात. त्यातले पाणी, ग्लुकोज, क्षार हे सर्व नलिकांमधून गरजेप्रमाणे परत घेतले जाते आणि शेवटी उरते ती साधारण दीड लिटर लघवी. प्रथिनांच्या विघटनातून यकृतात तयार झालेला युरिया तिच्यातून बाहेर पडतो. पाणी कमी पडले की मेंदूकडून सुटणारे एक संप्रेरक नलिकांना पाणी रोखून धरायला लावते आणि लघवी गडद पिवळी होते. परंतु या काटकसरीलाही मर्यादा आहे. दिवसभराचा कचरा विरघळवून बाहेर टाकायला निदान अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. ती फार घट्ट होत राहिली, तर क्षारांचे खडे धरतात, आणि आपल्या भागात मुतखड्याचे दुखणे कुणाला ऐकून ठाऊक नाही असे घर विरळा.

मग माणसे पाणी का पीत नाहीत? एकदा तेंदूपत्त्याच्या दिवसांत परतणाऱ्या एका बाईच्या हातात मी पाण्याची बाटली पाहिली. डोक्यावरचा ओला शेला केव्हाच वाळला होता, ओठांना साल धरले होते, आणि बाटली अर्ध्याहून अधिक भरलेली होती. विचारले तर म्हणाली, "पाणी पेलं का मंग जा लागते, गुरुजी. सोबत गडीमाणसं रायतेत, जावं कोठी?" या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि ते आरोग्यशिक्षणाच्या कोणत्याही फलकावर नसते. धानाच्या बांधीत रोवणीला जाणाऱ्या बायांचीही हीच अडचण आहे. पाणी कमी प्यायचे आणि आलेली लघवी तासन् तास कोंडून धरायची, यातून मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो, आणि तो वर चढला तर मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. जिथे बायका कामाला येतात तिथे चार बांबू रोवून आडोसा करून देणे, हे मजुरी देणाऱ्याचे कर्तव्यच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चिंता दुखीच्या गोळ्यांची. दिवसभर वाकून काम केल्यावर अंग ठणकते आणि किराणा दुकानातून गोळी आणून घेतली जाते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे ज्या रसायनांची निर्मिती थांबवतात, तीच रसायने पाणी आटलेल्या शरीरात मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवत असतात. म्हणजे रक्ताचा तुटवडा असतानाच त्याची वाट आणखी चिंचोळी होते. एखाद्या गोळीने निरोगी माणसाला सहसा काही होत नाही, परंतु घाम गाळून कोरड्या पडलेल्या शरीरात रोज अशी गोळी टाकणे घातक आहे.

मूत्रपिंड बिघडत असताना फारसे दुखत नाही, हीच मोठी अडचण. क्रिएटिनिन हा मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा एक टाकाऊ पदार्थ; रक्तात तो वाढलेला दिसतो तेव्हा बहुतेकदा निम्मे काम आधीच गेलेले असते. म्हणून ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्यांनी क्रिएटिनिनसोबत लघवीतल्या प्रथिनांचीही तपासणी दरवर्षी करून घ्यावी. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवून दिले असेल, तर तेच पाळावे. इतरांनी लघवीचा रंग पाहत राहावे. ती फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. भरपूर पाणी पिऊनही सहा-आठ तास लघवी झाली नाही, ती चहासारखी लाल-तपकिरी झाली, किंवा उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, आणि वाटेत त्याचे अंग ओल्या कापडाने पुसत वारा घालत राहावे.