आईला घेऊन मुंबई ते न्यूयॉर्क, खरा वेळ किती लागतो

मुंबईहून पहाटे 4.30 ला उडालो आणि त्याच तारखेला दुपारी 4.30 ला न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उतरलो. तिकीट बघून आई म्हणाली, "बाराच तास ना गं?" बारा कुठले, उन्हाळ्यात आपण न्यूयॉर्कच्या साडेनऊ तास पुढे असतो (थंडीत साडेदहा), ते मिळवले की झाले साडेएकवीस.

नेटवर सरळ अंतर दिसतं साधारण साडेबारा हजार किमी आणि वेळ पंधराएक तास, पण त्यावर प्लॅन करू नका. डायरेक्ट फ्लाइटचं बघत होते पण एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यापासून वळसा पडायला लागला, आणि आईला सलग एवढं बसवणार नव्हतं, म्हणून अबुधाबीमार्गे गेलो. गंमत म्हणजे अबुधाबी जवळपास वाटेवरच आहे, अंतर जेमतेम चारपाचशे किमी वाढतं. पहिला टप्पा सव्वातीन तास, मध्ये सव्वाचार तास थांबा, मग 14 तास.

अबुधाबीचा मोठा फायदा म्हणजे अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच होतं. न्यूयॉर्कला उतरून थेट बॅगा घ्यायच्या आणि बाहेर, ज्येष्ठांसोबत असाल तर हे सोनं आहे. फक्त थांबा तीन तासांपेक्षा कमी घेऊ नका, तिथली लाइन मोठी असते. खायचं काय नेताय ते विचारतात, खरं सांगा. आमचे बेसनाचे लाडू आणि शेंगदाण्याची चटणी त्यांनी नेऊ दिली, आंबे मात्र अजिबात नेऊ नका.

व्हीलचेअर एजंटने बुक केली म्हणून सांगितलं होतं पण मुंबईला सिस्टीममध्ये नोंदच नाही, आई चाळीस मिनिटं खांबाला टेकून उभी, फार वाईट वाटलं. दोन दिवस आधी स्वतः एअरलाइनला फोन करून खात्री करा, प्लीज. विमानात दर दोन तासांनी ज्येष्ठांना उठवून चालवा, मी मोठ्या टप्प्यात झोपून गेले आणि उतरताना आईचे पाय इतके सुजलेले की चपलेचा अंगठा चढेना. सैल बूट घाला.

बीपीच्या गोळीचं डॉक्टरांना आधीच विचारून घ्या, आम्हाला सांगितलं की पहिले दोन दिवस भारतातल्या वेळेनेच द्या, त्यामुळे आईने घड्याळ बदललं नाही ते बरंच झालं.

ठाण्यातून रात्री 11.30 ला निघालो ते न्यूजर्सीतल्या एडिसनला ताईच्या घरी पोचेपर्यंत 29 तास झाले, त्यामुळे दुसऱ्या दिवशी काहीही ठेवू नका. येताना मोठा टप्पा साडेबारा तासांतच उरकला कारण वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, आणि यावेळी मी अलार्म लावून आईला चार वेळा उठवलं, मुंबईत चप्पल नीट चढली.