बॅरिटोन युकुलेलेच्या तारा : सगळं अडतं तिसऱ्या तारेवर

बॅरिटोन म्हणजे युकुलेलेचा, गिटारसारख्या चार तारांच्या छोट्या वाद्याचा, मोठा प्रकार. तारांच्या पाकिटावर नुसतं ‘बॅरिटोन’ लिहिलेलं पाहून पैसे देऊ नयेत. नेहमीची लावणी म्हणजे गिटारच्या पातळ बाजूच्या चार तारा : चौथी डी, तिसरी जी, दुसरी बी, पहिली ई. पेटीवर पांढरी दोन, पाच, सात आणि पुढच्या सप्तकातली पांढरी तीन. पण छोट्या युकुलेलेसारखी जी-सी-ई-ए लावणी बॅरिटोनवर करण्यासाठीही वेगळे सेट निघतात. डी-जी-बी-ई चा सेट पिळून तिथपर्यंत चढवायला गेलात, तर ताण जवळपास पावणेदोन पट होतो. मग तार तुटली तर नशीब म्हणायचं, कारण नाहीतर ब्रिज (तारा खाली जिथे बांधतात ती पट्टी) उखडतो. स्टीलच्या तारांचा तर विचारही नको.

म्हणून मी आधी तारेची वाजणारी लांबी मोजली. नटपासून (दांड्याच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं (दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) अंतर घेऊन त्याची दुप्पट करायची. माझ्या वाद्यावर ते ५१० मिलिमीटर भरलं. क्लासिकल गिटारवर हेच अंतर ६५० असतं. तार तीच आणि स्वरही तोच ठेवला, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे इथे गिटारच्या साधारण ६२ टक्के उरतो. गिटारवर ७ किलोने ताणलेली डी बॅरिटोनवर ४.३ किलोवर येते, आणि ५.५ किलोची जी ३.४ वर. गिटारचा नायलॉन सेट बॅरिटोनला चालतो, पण हाताला सैल का लागतो ते इथे कळतं. ‘हार्ड टेन्शन’चा, म्हणजे जास्त ताणाचा, सेट घेतला तरी फार फरक पडत नाही.

तीन तारांचं गणित सहज जुळतं, खरा घोळ जी चा. बाजारातल्या बऱ्याच सेटमध्ये डी आणि जी या दोन्ही धातूची तार गुंडाळलेल्या असतात, बी आणि ई साध्या. गुंडाळलेल्या दोघी खणखणीत वाजतात, साध्या दोघी मऊ. गाण्याची चाल जी वरून बी वर गेली की मध्येच वादक बदलल्यासारखं वाटतं. शिवाय बोट सरकवताना ‘चुर्र’ आवाज येतो तो वेगळाच.

त्यावर उपाय म्हणून गिटारची साधी नायलॉन जी लावली, तर जाडी १.०२ मिलिमीटर. एवढी जाड तार ताठ असते. आवाज ठोकळ्यासारखा येतो आणि वरच्या फ्रेटवर दाबली की स्वर चढतो. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि त्याच जागी दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर शेजारी शेजारी पाहिले की हे लगेच दिसतं. गुंडाळलेल्या जी साठी कापलेल्या नटच्या खाचेत ही जाड तार नीट बसतही नाही. खुंटी फिरवली की ‘टिक’ करून स्वर एकदम उडी मारतो.

मला जमलं ते फ्लुरोकार्बन. मासेमारीत गळाजवळ बांधतात ती लीडरची दोरी याच पदार्थाची असते. नायलॉनपेक्षा तो बराच जड असल्याने तेवढ्याच ताणाला पाऊण जाडी पुरते. ५१० मिलिमीटरसाठी हिशेब केला तेव्हा जी ०.७८, बी ०.६२ आणि ई ०.४७ मिलिमीटर निघाली, तिन्हींवर साडेतीन किलोच्या आसपास ताण. ई थोडी कडक हवी असेल तर ०.५० घ्यावी, ती ४ किलोला जाते. डी मात्र गुंडाळलेलीच ठेवली. फ्लुरोकार्बनची साधी डी एक मिलिमीटरहून जाड होते आणि नायलॉन जी ची सगळी दुखणी परत येतात. म्हणजे सेट असा : क्लासिकल गिटारची सुटी चौथी तार, बाकी तिन्ही फ्लुरोकार्बन.

बसवताना चारही तारा एकदम काढू नका, एकेक बदला. फ्लुरोकार्बन गुळगुळीत असतं. ब्रिजवर नायलॉनला एक वेढा पुरतो, इथे ई ला तीन आणि बी ला दोन द्या. शेवटचा वेढा ब्रिजच्या मागच्या कडेखाली दाबला गेलाच पाहिजे. तो वर राहिला तर गाठ सरकते, आणि सुटलेलं टोक लाकडावर खोक पाडतं. गुंडाळलेली तार कापण्याआधी खुंटीपाशी काटकोनात वाकवून घ्या, नाहीतर वरची गुंडाळी आतल्या गाभ्यावरून सैल होते आणि तार मुकी पडते. नटच्या खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं की अडकणं कमी होतं. मोकळी तार झणझणत असेल आणि पहिला फ्रेट दाबल्यावर ते थांबत असेल, तर खाच खोल गेली आहे. तो दोष तारेचा नव्हे.

पुढचे चार-पाच दिवस स्वर उतरत राहतो. दर वेळी तार बोटाने हलकेच उचलून ताणायची आणि परत लावायची.

सगळ्यात आधी डी जाते. फ्रेटवर येते तिथे गुंडाळी चपटी होते, आणि चांदीचा मुलामा असलेलं तांबं पावसाळ्यात, त्यातून मुंबई-कोकणच्या दमट हवेत, घामाने काळं पडतं. तेवढ्यासाठी पूर्ण सेट बदलायची गरज नाही. सुट्या चौथ्या तारा दोन-तीन आणून ठेवाव्यात. जी, बी, ई तशाच राहू द्याव्यात.