न हलणारा चेहरा

रावपुऱ्यातल्या आमच्या घरी तीन दिवसांच्या गौरी बसतात. मुखवटे पितळेचे, पणजीच्या वेळचे. विसर्जनाच्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य दाखवताना आई दरवर्षी म्हणते, "बघ, आज चेहरे कसे उतरलेत." पितळेचा चेहरा उतरत नाही हे कळण्याइतकी मोठी झाल्यावरही मला ते उतरलेलेच दिसतात.

प्रौढांसाठी केलेले स्टॉप-मोशन चित्रपट पाहताना मला या मुखवट्यांची आठवण होते. बाहुली तसूभर हलवायची, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची, आणि अशी १२ ते २४ छायाचित्रे मिळून पडद्यावरचा एक सेकंद होतो. इतक्या कष्टाने हलवलेल्या बाहुलीने भावना चेहऱ्यावर ठळकपणे दाखवाव्यात, असे कोणालाही वाटेल. पण या माध्यमातली जी कामे माझ्या मनात घर करून राहिली, त्यांत चेहरा जवळजवळ गप्प असतो.

चेक कलावंत यिरी त्रन्का यांचा १९६५ सालचा 'रुका', म्हणजे 'हात', हा त्यांचा शेवटचा लघुपट. एका खोलीत राहणारा एक कुंभार आपल्या रोपट्यासाठी कुंड्या घडवत असतो. एक प्रचंड हात आत शिरतो आणि कुंडीऐवजी हाताचाच पुतळा घडव म्हणून त्याच्या मागे लागतो. या बाहुलीचा रंगवलेला चेहरा सबंध लघुपटात बदलत नाही. बदलतो तो प्रकाश, मानेचा कोन आणि खांद्यांचा बाक, आणि तेवढ्यावर आपण त्याचे भय आणि त्याचा थकवा स्पष्ट वाचतो. त्रन्का यांच्या मृत्यूनंतर चेकोस्लोव्हाकियात या लघुपटावर बंदी आली. एका मूक बाहुलीचे म्हणणे सत्तेलाही नेमके कळले होते.

त्रन्का यांच्याकडे शिकण्यासाठी बाहुलीकार किहाचिरो कावामोतो १९६३ साली जपानहून प्रागला गेले. कावामोतोंच्या मायदेशी 'नो' या पारंपरिक नाट्यप्रकारातला मुखवटा किंचित वर केला की उजळतो आणि खाली झुकवला की झाकोळतो, असे मानतात. त्यांच्या बाहुल्यांचे चेहरेही असेच, प्रकाशाची वाट पाहणारे आहेत.

२०१५ सालच्या 'अनोमलिसा'ची वाट थोडी वेगळी आहे. त्यातले चेहरे त्रिमितीय छपाईने केलेले, सुटे बदलता येणारे आहेत, त्यामुळे भाव पुष्कळ सूक्ष्मपणे दाखवता येतात. तरीही डोळ्यांच्या रेषेत दिसणारा जोड दिग्दर्शकांनी पुसून टाकला नाही. नायकाला जगातली सगळी माणसे एकाच चेहऱ्याची आणि एकाच आवाजाची भासतात. मग हॉटेलात एका बाईचा निराळा आवाज कानावर पडतो आणि तो कासावीस होऊन दारे ठोठावत तिला शोधू लागतो. हा एकटेपणा जिवंत नटांकडून इतक्या सरळपणे दाखवता आला असता, असे मला वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी माडीवरच्या खोलीत अल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा करून एक म्हातारी घडवली. तिच्या हातात पत्र दिले. सेकंदाला बारा स्थिती धरून नऊ सेकंदांसाठी १०८ छायाचित्रे घेतली. पहिल्या खेपेस मी भुवया उंचावल्या, ओठ थरथरवले, आणि ते दु:खाचे प्रदर्शन झाले. दुसऱ्या खेपेस चेहरा कोराच ठेवला आणि पत्राची घडी घालण्यापूर्वी हात क्षणभर थांबवला. मात्र एकच छायाचित्र बारा वेळा वापरले तेव्हा ती थांबलेली न वाटता मेलेली वाटली. म्हणून त्या एका सेकंदात तिचा खांदा श्वासाइतका, केसभर हलवत राहावे लागले. आईने ते पाहिले आणि विचारले, "कोण गेलं गं तिचं?" पत्रात काय आहे हे मी कुठेच दाखवले नव्हते.

यंदा विसर्जनाच्या संध्याकाळी अक्षता वाहून आईने दोन्ही मुखवटे किंचित फिरवले. गौरी हलवल्या, असे आम्ही म्हणतो. या वेळी मी तिच्या हाताकडे पाहत होते.